निसर्गसुलभ सजीव आहार

श्रावणात मला एक पत्र आलं आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. पत्रं लिहायचा मला कंटाळा आहे असं नाही. उलट मी इतकी लिहितो, की त्यातली बरीचशी पेटीत टाकायची राहूनच जातात. या पत्राची अडचण निराळी होती. त्यात एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. अशी वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

पत्र हिमायतनगर तालुक्यातल्या डोंगरपिंपरीहून आलं होतं. तिथल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष सिंधुताईंनी लिहिलं होतं :

‘सर, पुस्तिकेच्या मागं तुमचं नाव छापलंय म्हणून तुम्हाला लिहिती. सरकारनं आमच्या गटाला चार टाक्या आन् मागूर माशाची पिल्लं दिली. पिल्लं बोटाएवढी करून दाखवली तर गावचा तलाव गटाला मिळनार. मेली तर टाक्या परत. पिल्लांना मिशा फुटल्या, पण खायाला काय घालावं ते समजंना. पुस्तिकेत निसर्गसुलभ सजीव आहार घाला म्हणलंय. दुकानात विचारलं तर असा माल येत न्हाई म्हणले. पिल्लं एकमेकाला खाऊन राहिलीत. उत्तर कागदावर द्या आन् खाली नाव घाला. मंजूर नसलेलं काई खाऊ घातलं तर टाक्या उचलून नेतो, असं आमच्याकडून लिहून घेतलंय.’

मी माशांतला माणूस नाही. नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तिकेच्या समितीवर मला ‘भाषा-सदस्य’ म्हणून घेतलं होतं, कारण भाषेवर कोणी भांडायला येत नाही. मूळ मजकुरात ‘गटारातल्या केसाएवढ्या लाल अळ्या’ असं होतं. रंगीत मुखपृष्ठाच्या सरकारी प्रकाशनात गटार बरं दिसत नाही, असं अध्यक्षांना वाटलं. त्यांनी माझ्याकडे पर्यायी शब्द मागितला. मी तीन दिले. त्यांनी सर्वांत लांब होता तो घेतला.

तेव्हा उत्तर सोपं होतं. तरी मी तीन पुस्तकं काढून ताडून पाहिलं. मागुराचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटाशी पिवळ्या बलकाची शिदोरी असते. ती दोन-तीन दिवसांत संपते. मग त्याला तोंडासमोर काहीतरी हलणारं लागतं. भुकटी घातली तर ते तिच्याकडे पाहत नाही. लाल अळी वळवळली की झडप घालतं. अळी नसेल तर टाकीत दुसरं हलणारं कोण, तर सख्खा भाऊ.

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘आपल्या दारासमोरच्या गटारात’ असं लिहून गेलो आणि थांबलो. ज्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, त्यांच्या दारासमोर गटार आहे असं गृहीत धरणं मला उद्धटपणाचं वाटलं. दुसऱ्या मसुद्यात ‘बहुधा’ घातलं. तिसऱ्यात ‘जाणकारांच्या मते’ घातलं. मग जाणकार कोण, हा प्रश्न आला. शेवटी एखाद्या जाणकाराकडून खात्री करून घ्यावी, म्हणून पत्र खिशात घालून मत्स्य कार्यालयात गेलो. पुढे जे घडलं ते या एका खबरदारीतून घडलं.

कार्यालयात हरिओम नावाचे तरुण अधिकारी होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पत्र वाचलं, माझं उत्तर ऐकलं आणि म्हणाले, ‘‘बरोबर आहे सर. लाल अळ्याच. आम्हाला परीक्षेला होतं हे.’’

‘‘मग तसं लिहून द्याल का?’’

‘‘सांगतो की. फोन लावा, आत्ता सांगतो.’’

‘‘त्यांना कागदावर हवंय.’’

हरिओमांनी पत्राची घडी केली आणि माझ्याकडे सरकवली. ‘‘कागदावर द्यायचं म्हणजे आहाराचा उगम लिहावा लागतो, सर. अळी कुठली, तर गटारातली. गटार कुठलं, तर त्याला ग्रामसेवकाचा दाखला पाहिजे. शिवाय श्रावण चालू आहे. जिवंत अळ्यांना मंजुरी दिली तर वर कोणाचे उपास असतील सांगता येत नाही.’’

त्यांनी डोंगरपिंपरीचे ग्रामसेवक बजरंग यांना फोन लावला आणि मलाही ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

‘‘गटार?’’ पलीकडून बजरंग म्हणाले. ‘‘साहेब, गाव गटारमुक्त हाय. मागल्या साली तालुक्याचं बक्षीस घेतलंय. फोटू पाठवू का?’’

‘‘म्हणजे गटारं बुजवली?’’

‘‘बुजवायला तरतूद कुठं होती? मुक्त केली.’’

हरिओमांनी फोन ठेवला आणि मला समजावून सांगितलं. गटार नाही म्हणजे अळी नाही. अळी नाही म्हणजे तिचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे आहार मंजूर नाही. आणि पिल्लं तर भुकेली आहेत. हा पेच जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सुटायचा नाही, म्हणून स्थळपाहणी करावी लागेल. आणि प्रश्न मी उपस्थित केल्यामुळे पाहणीत मीही असेन. मी म्हणालो, प्रश्न मी उपस्थित केलेला नाही, तो मला टपालाने आला आहे. ते म्हणाले, नोंदीत तसा फरक करता येत नाही.

जीप भोकरला चहाला थांबली. चहा होईपर्यंत हरिओमांनी पाहणीचा अहवाल लिहायला घेतला, म्हणजे तिथे वेळ जायला नको.

डोंगरपिंपरीच्या वेशीवर ‘गटारमुक्त गाव डोंगरपिंपरीत आपले सहर्ष स्वागत’ अशी मोठी पाटी आहे. पाटीचा डावा खांब ज्यात उभा आहे, तेच पाणी पुढे गल्लीतून वळत सिंधुताईंच्या दारासमोरून जातं. त्यावर एक फरशी टाकलेली आहे. बजरंग वेशीपासून आमच्याबरोबर होते. सिंधुताईंच्या सासूबाई सगुणाबाई ओट्यावर बसून आमच्याकडे पाहत होत्या.

‘‘या साहेब, या. दमानं या. फरशीवरून या. तिकडं पाय नका ठिऊ, तिकडं...’’

हरिओमांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

‘‘...गटार न्हाई,’’ सगुणाबाईंनी वाक्य पुरं केलं.

‘‘मावशी, तुम्ही बी ना,’’ बजरंग म्हणाले.

‘‘मी काय केलं? तूच शिकवलंस न्हवं, कुणी आलं की काय म्हणायचं ते.’’

हरिओमांनी बूट झटकला आणि अहवालात ‘मार्गावर किंचित ओलावा’ असं लिहिलं.

टाक्या परसात होत्या. वर पळसाच्या फांद्या टाकून सावली केलेली, पाणी नितळ. सिंधुताई साडीचा पदर खोचून टाकीशी उभ्या होत्या, चाळिशीच्या असतील. त्यांनी नमस्कारही केला नाही, सरळ पाण्यात बोट दाखवलं. काळी, बेडकाच्या पिल्लांसारखी, मिशाळ पिल्लं टाकीच्या कडेला धरून होती. त्यातलं एक बाकीच्यांहून दुप्पट होतं आणि त्याच्या तोंडातून एक शेपटी बाहेर आली होती.

‘‘बघा. सकाळच्याला हे दोन होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमी सगळ्या बाया पाळी लावून राखण बसलोत. पर राखण करायची कुणापासून? चोर बी तेच, घरधनी बी तेच. सर, तुमचंच नाव ना पुस्तिकेवर? कोणतं असतंय ते निसर्गसुलभ?’’

मी घसा साफ केला. तेवढ्यात त्यांचं लक्ष हरिओमांच्या पायाकडे गेलं. ओल्या मोज्यावर लाल धाग्यांचा पुंजका वळवळत होता. त्यांनी वाकून तो चिमटीत धरला.

‘‘हे का?’’

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ‘‘तसं म्हणता येईल,’’ मी म्हणालो.

त्यांनी पुंजका टाकीत सोडला. पाणी उकळल्यासारखं झालं. कडेची पिल्लं मधे धावली, भावाला गिळणाऱ्यानेसुद्धा तोंडातली शेपटी सोडली, आणि पुंजका दिसेनासा झाला. सिंधुताई पहिल्यांदा हसल्या. ‘‘अगं बाई! एवढंच व्हय? हे तर दारात हाय!’’

‘‘ताई, दारात न्हाई,’’ बजरंग घाईने म्हणाले. ‘‘साहेबांच्या मोज्यात होतं. दारातलं म्हणलं की दारात काय हाय ते आलं.’’

‘‘आणि मोजा हा आहाराचा अधिकृत उगम धरता येत नाही,’’ हरिओम म्हणाले. ‘‘हे आपण पाहिलं नाही असं समजू.’’

‘‘मग रोज एक मोजा पाठवून द्या, साहेब. न्हाईतर मी काढते आजपासून, घमेलं घेऊन.’’

‘‘काढा की, न्हाई कोण म्हणतंय?’’ बजरंग म्हणाले. ‘‘पर तुम्ही घमेलं घिऊन कुठं वाकल्या, त्याचा फोटू कुणी काढला तर? दुसऱ्या टप्प्याच्या बक्षिसाला नाव गेलंय आपलं. शाळेवरचे पत्रे त्यातून पडणार हायेत. तुमच्याच पोराच्या डोक्यावर गळतंय ना?’’

सिंधुताईंनी ओली बोटं पदराला पुसली. मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही तिघं बी सांगून राहिले की अळ्याच घाला. मग कुणीतरी एकानं लिहून द्या ना. मी घालते, कुणी आलं की कागद दाखवते. एवढं काय अवघड हाय त्यात?’’

हरिओमांनी बजरंगांकडे पाहिलं. बजरंगांनी माझ्याकडे. मी माशांकडे.

‘‘कमाल हाय,’’ ओट्यावरून सगुणाबाई म्हणाल्या. ‘‘मला सही येत न्हाई म्हणून रात्रीच्या शाळेत बसवलं ह्यांनी. मला आली, आन् ह्यांची गेली.’’

तात्पुरता उपाय म्हणून कार्यालयाने गटाला भुकटीची पोती पाठवली. पोत्यावर कोंबडीचं चित्र होतं. ते खोडून मासा काढला होता. भुकटी तळाशी बसून पाणी आंबू लागलं, तेव्हा सिंधुताईंनी ती कोंबड्यांना घातली आणि पाणी बदललं. पिल्लं पूर्ववत एकमेकांवर अवलंबून राहिली.

इथून गोष्ट माझ्या समजेच्या बाहेर जाते, म्हणून झालं तेवढंच सांगतो.

दर आठवड्याला वर पाठवायच्या अहवालात दोनच रकाने होते : पिल्लांचं सरासरी वजन आणि आहारावर झालेला खर्च. पूर्वी पिल्लांच्या संख्येचाही रकाना होता; पण ती सगळीकडे कमीच होत गेल्यामुळे वाचणाऱ्यांचा उत्साह कमी होई, म्हणून तो काढला होता. आता एका पिल्लाने दुसऱ्याला खाल्लं की सरासरी वजन वाढतं, आणि खर्च काहीच नाही. डोंगरपिंपरीचं वजन दर आठवड्याला चढत गेलं. इतर गावांत अळ्यांच्या पर्यायावर बैठका चालू होत्या तेव्हा डोंगरपिंपरी आख्ख्या विभागात पहिली आली.

हरिओमांचा फोन आला. आवाजात आनंद होता आणि थोडी लाजही. ‘‘सर, साहेब लोक लई खूश आहेत. बिनखर्ची संगोपन म्हणून आपली पद्धत सगळीकडे लावायची म्हणताहेत. तिला एक नाव पाहिजे.’’

‘‘पण हरिओम, ही पद्धत नाही. उपासमार आहे ती.’’

‘‘खरं आहे सर. तोंडी मी मान्य करतो.’’

मी तीन नावं सुचवली. ‘परस्परपूरक स्वावलंबी संगोपन’ हे सर्वांत लांब होतं.

मग पाहुणे येऊ लागले. लातूरहून अभ्यास दौऱ्यावर एक गट आला, तेव्हा स्वागताला मलाही नेलं होतं. त्यांच्यातले एक पोक्त गृहस्थ बराच वेळ टाकीवर वाकून पाहत राहिले. चार टाक्यांत मिळून तेव्हा चार मासे उरले होते, एका टाकीत एक. गृहस्थ सरळ होऊन म्हणाले, ‘‘ह्यात नवीन काय हाय? आमच्याकडं लई वर्षांपासून चालू हाय हे. फक्त टाकीत न्हाई, वर्गात.’’

‘‘आणि मग जे उरत नाहीत त्यांचं?’’ मी विचारलं.

‘‘कोण न्हाई उरत?’’ त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं. ‘‘तुमचं एकच चुकतंय बघा. जो राहिला त्याचा फोटो चौकात लावला न्हाई तुम्ही.’’

फोटो काढण्यासाठी चारही मासे एका टाकीत घेतले. फोटोग्राफर हिमायतनगरहून यायला उशीर झाला, त्यामुळे फोटो एकाच माशाचा निघाला. पण तो अत्यंत तजेलदार होता. हिमायतनगरच्या स्टँडसमोर त्याचा फलक लागला : गळ्यात हाराची चौकट, टोकदार मिशा, खाली ‘हार्दिक अभिनंदन’ आणि अभिनंदन करणाऱ्यांचे लहान लहान फोटो. गाड्यांतून उतरणारे आईबाप मुलांना हाताला धरून फलकाकडे वळवत. ‘‘बघ. त्याच टाकीतला, तेच पाणी. तुला काय कमी केलंय आमी?’’ असं एका बापाला म्हणताना मी ऐकलं. मुलगा माशाच्या तोंडाकडे पाहत होता.

तलाव गटाला देण्याचा कार्यक्रम झाला. मांडवात सिंधुताईंना नारळ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की प्रत्यक्ष ताबा दुसऱ्या खेपेची पिल्लं बोटाएवढी होऊन तलावात पडल्यावर देण्यात येईल. दुसरी खेप मंजूर झाली होती. यशस्वी मासा मात्र तलावात सोडायचा नव्हता. नव्या पिल्लांना अनुभवी मार्गदर्शक मिळावा, म्हणून त्यांना त्याच्याच टाकीत सोडावं, असा आदेश निघाला होता.

परवा सिंधुताई माझ्या घरी आल्या. हिमायतनगरहून रेल्वेने आल्या होत्या. मी खुर्चीवरची पुस्तकं उचलून त्यांना जागा केली. त्यांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या.

‘‘सर, सोमवारी नवी पिल्लं येणार हायेत. हरिओमसाहेबांना म्हणलं, ते भाड्या मासा एका दमात सगळी खाईल. तर ते म्हणले, मला बी तसंच वाटतंय ताई, पण आदेश हाय. आता तुमीच राहिले.’’

‘‘मी माशांतला माणूस नाही, ताई.’’

‘‘मी तरी कुठं होते? बाकीच्या बाया म्हणून राहिल्या, कामून नाद करायचा, आपलं नाव झालं, फलक लागला, गप बसावं. मला बी एक रात्र तसंच वाटलं. पर फलक घिऊन काय करायचं, सर? तलाव कोरडा मासळीवाचून. आमी बारा जणी हाव. एका माशावर बारा घरं जगतेत का?’’

मी म्हणालो, विचार करून लिहितो.

‘‘लिहा. फोनवर नगं, तोंडी तर समदेच सांगतेत. आन् एक सांगते, एकट्याचं नाव नका घालू. एकटं नाव दिसलं की म्हणतील, म्हाताऱ्याला डोळ्यांनी दिसंना. दुसरं कुणीतरी घ्या संगं. ज्यानं गटार पाह्यलंय आन् ज्याचं कुणाकडं काई अडकलेलं न्हाई, असं.’’

त्या गेल्यावर मी एकेकाला विचारलं. हरिओम प्रशिक्षणाला गेले आहेत. बजरंग म्हणाले, त्यांनी गटार जन्मात पाहिलेलं नाही. लातूरच्या गृहस्थांचा नंबर लागला नाही. शेजारच्या निवृत्त इंजिनियरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, व्यवस्थेवर पाऊण तास बोलले, आणि सहीचं काढताच त्यांना औषधाची वेळ आठवली.

मग मी उत्तर लिहिलं. या वेळी एकच मसुदा झाला :

‘सौ. सिंधुताई यांस. निसर्गसुलभ सजीव आहार म्हणजे तुमच्या दारासमोरच्या गटारातल्या लाल अळ्या. त्या चाळणीत धरून स्वच्छ पाण्याखाली खूप वेळ धुवाव्यात आणि दिवस मावळल्यावर थोड्या थोड्या घालाव्यात. जी पिल्लं मोठी दिसतील ती रोज वेगळ्या टाकीत काढावीत. मार्गदर्शक मासा सोमवारच्या आत तलावात सोडून द्यावा. आदेश चुकीचा आहे. गावात गटार आहे. ते मी पाहिलं आहे.’

खाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही केली. नाव वाचता येतं. त्याच्याखाली दुसऱ्या नावाची जागा राहिली. मी बराच वेळ विचार केला आणि मग मला तुम्ही आठवलात. फरशी, वेशीवरची पाटी, हरिओमांचा पाय, मोज्यावरच्या अळ्या, सगळं तुम्ही माझ्याबरोबर पाहिलं आहे. मधे एक-दोनदा हसलातसुद्धा. तुमचं डोंगरपिंपरीत काही अडकलेलं नाही. तेव्हा दुसरं नाव तुमचं घातलं आहे. पूर्ण नाव ठाऊक नसल्यामुळे ‘वाचक’ एवढं लिहून पुढे सहीपुरती जागा सोडली आहे. चौकशी लागली तर तुम्हाला बोलावणं येईल. त्या दिवशी तुम्ही बाहेरगावी असाल, किंवा मुलीच्या क्लासची फी भरायची असेल. तसं कळवण्याचे कष्ट घेऊ नका, मी ते धरूनच चाललो आहे.

आज दुपारी नांदेड स्टेशनसमोरच्या पेटीत पाकीट टाकलं. आत पडल्याचा आवाज आला.